बर्गनचा पाऊस, आईचा व्हिडिओ कॉल आणि बंद करून ठेवलेलं सिम

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नॉर्वेला, बर्गनला जाऊन आलो, ताईची मुलगी तिथं युनिव्हर्सिटीत शिकते म्हणून. फोटो टाकल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, नेटचं काय केलं गं? विचारणारे सगळे नाशिकचे आणि निम्म्यांचं कुणी ना कुणी बाहेर आहे, त्यामुळं प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच इथं लिहून टाकते.

आधी पाऊस, कारण तो नसता तर एवढं नेट लागलंच नसतं. बर्गन समुद्राला लागून आणि मागं सात डोंगर, अटलांटिकवरून ओला वारा येतो आणि डोंगरांना धडकून तिथंच रिकामा होतो, म्हणजे आपल्या घाटासारखंच गणित. वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर. मी भाचीला म्हणलं यात काय विशेष, आमच्या इगतपुरीला चार महिन्यांत याच्यापेक्षा जास्त पडतो! पण फरक असा की आपला पाऊस दिवाळीला गेलेला असतो, त्यांचा तेव्हा ऐन भरात. २००६ साली २९ ऑक्टोबरला जो सुरू झाला तो सलग ८५ दिवस रोज पडला म्हणे, थेट जानेवारीपर्यंत. आम्ही नेमके त्याच तारखांना तिथं. तिकिटं स्वस्त का मिळाली ते तिथं उतरल्यावर कळलं.

तर नेट. जायच्या आठवडाभर आधी एम.जी. रोडला एका मोबाइलच्या दुकानात गेले होते, स्क्रीनगार्ड बसवायला. तिथल्या पोरानं विचारलं मॅडम तुमचा फोन ई-सिमवाला आहे का (म्हणजे कार्ड न घालता नेटवरून फोनमध्येच टाकायचं सिम), मला काय माहीत. त्यानंच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून दाखवलं, आयएमईआयच्या खाली ईआयडी म्हणून लांबलचक नंबर आला की समजायचं चालतो. माझ्यात आला, ह्यांच्या जुन्या फोनमध्ये नाही आला. म्हणून माझ्या फोनवर ई-सिम आणि ह्यांना माझा हॉटस्पॉट असं ठरलं. हे लक्षात ठेवा, पुढं महाभारत यावरूनच झालं.

पॅक घेताना एक बघा. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळं नुसतं 'युरोप' लिहिलंय म्हणून पैसे भरू नका, देशांची यादी उघडून नॉर्वे आहे का ते वाचा. बहुतेक वेळा असतो, पण तिकडे पोचून कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. भाचीचं नॉर्वेचं सिम मात्र जर्मनी-फ्रान्सला गेली तरी घरच्यासारखं चालतं, २०१७ पासून तसा नियमच आहे, पण तो तिथं राहणाऱ्यांसाठी, आपल्यासारख्या पाहुण्यांचा त्यात संबंध नाही. मी ३० दिवसांचं १० जीबी घेतलं, नुसता डेटा, नंबर वगैरे काही मिळत नाही त्यात. घरच्या वायफायवर निघायच्या आदल्या रात्री टाकून ठेवलं. आणि व्हॉट्सॲप आपल्या नाशिकच्याच नंबरवर राहतं, काही बदलावं लागत नाही, ही शंका मला तिघींनी विचारली म्हणून सांगते.

आता महाभारत.

ह्यांना रोमिंगच्या बिलाची भयंकर भीती. ह्यांच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी दुबईला मोठं बिल आलं होतं, तो किस्सा मी दहा वर्षं ऐकतेय. त्यामुळं मुंबईत विमानात बसल्या बसल्या ह्यांनी स्वतःचं सिम सेटिंगमध्ये जाऊन बंदच करून टाकलं, वर मला सांगितलं, आता एक रुपया जात नाही बघ. बर्गनच्या एअरपोर्टवर उतरलो, माझं नेट दोन मिनिटांत चालू, मी एकदम खुश. तिथून गावात जायला ट्राम आहे, पाऊणएक तास लागतो, तिकीट आधी काढून मगच चढायचं. मशीनपाशी रांग होती म्हणून म्हणलं ॲपवरून काढू. कार्ड ह्यांचं. ओटीपी कुठं येणार? ह्यांच्या नंबरवर. आणि सिम झोपवलेलं!

पाऊस आडवा येत होता. मी स्टॉपच्या काचेला टेकून उभी, हे सिम चालू करतायत, ते नेटवर्क शोधतंय शोधतंय, तोवर ओटीपीची वेळ संपली. परत पाठवला. यावेळी आला, तर माझ्या स्क्रीनवर थेंब पडलेले आणि ओल्या स्क्रीनला थेंब आणि बोट यातला फरक कळत नाही, मी चार दाबतेय तो सात घेतोय, मध्येच कीबोर्ड गायब, मध्येच भाषा बदलून मराठी. ओढणीनं पुसलं तर ओढणीच ओली. तिसऱ्या वेळेला ह्यांनी माझ्या डोक्यावर छत्री धरली (रविवार कारंज्यावरून घेतलेली, दुसऱ्याच दिवशी वाऱ्यानं उलटी होऊन मेली) आणि मी पोटाशी फोन धरून सहा आकडे टाकले. दोन ट्रामा गेल्या तोवर. मशीनची रांग कधीच संपली होती.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं, तिकडचा डेटा मिळवणं अवघड नाही, आपला इकडचा नंबर जागा ठेवणं हे खरं काम. निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग ॲक्टिव्हेट करून घ्या, नाहीतर सिम तिकडचं नेटवर्कच धरत नाही. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, पैसे पडतात डेटाला आणि कॉलला. तर भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग बंद, सिम चालू, आणि मोबाइल डेटासाठी ई-सिम निवडायचं. आयफोनमध्ये एक 'डेटा स्विचिंग'चं बटण असतं तेही बंद करा, नाहीतर ई-सिमची रेंज गेली की तो गुपचूप आपल्या सिमवर उडी मारतो. आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचं परदेशातलं वापरणं चालू केलंय का ते बघा, ते मुळात बंद असतं.

पॅक नसेल तर येणाऱ्या फोनलाही मिनिटावर पैसे लागतात, फक्त करायलाच लागतात असं नाही. मला लोनवाल्याचा फोन रोज दुपारी. एकदा सवयीनं उचलला आणि वर "नको हो दादा, मी बाहेर आहे" असं सविस्तर सांगत बसले.

आईला हे समजावणं वेगळंच. ती पंचवटीत, रोज रात्री नऊला नातीला बघायचं म्हणजे बघायचं, पण तिचा हात आधी साध्या फोनवरच जातो, मग मी कट करायची, मग ती घाबरायची की काय झालं. शेवटी बहिणीनं तिच्या फोनवर व्हॉट्सॲप पहिल्या पानावर आणून ठेवलं. आपले नऊ म्हणजे तिथले साडेपाच. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांनी घड्याळ एक तास मागं केलं, फोननं आपोआप केलं, आम्हाला पत्ताच नाही, आणि आईचा कॉल साडेचारलाच, आम्ही फ्लॉयनच्या डोंगरावर.

हा फ्लॉयन म्हणजे गावातूनच दोरीची रेल्वे वर जाते, १९१८ पासूनची, दहा मिनिटांच्या आत तीनशे मीटरवर. वरून अख्खं बर्गन आणि समुद्र दिसतो असं सगळे म्हणतात. आम्हाला पांढरं दिसलं. नुसतं पांढरं, कठडा दिसत होता आणि कठड्याला धरलेला माझा हात. रेंज मात्र फुल. मी आईला कॅमेरा फिरवून दाखवला, हे बघ इकडं समुद्र आहे, इकडं ती युनेस्कोच्या यादीतली जुनी लाकडी घरं आहेत, ब्रिगन म्हणतात. आई दोन मिनिटं बघत होती. मग म्हणाली, अगं हे तर ब्रह्मगिरीवर पण दिसतं, एवढ्यासाठी एवढे पैसे घातले का. भाची हसून हसून खाली बसली.

आम्हाला जे काही बघायला मिळालं ते 'यर'मुळं. हे नॉर्वेच्या हवामान खात्याचं आणि तिथल्या सरकारी टीव्हीचं मिळून ॲप आहे, फुकट, पुढच्या दीड तासात पाऊस कधी पडणार आणि कधी थांबणार हे दाखवतं. तिथले लोक ते बघूनच बाहेर पडतात. आम्ही पण कॉफी घेऊन बसायचो आणि चाळीस मिनिटांची उघडीप दिसली की पळायचो. हे सगळं नेटवर, म्हणून म्हणलं पावसामुळं नेट जास्त लागतं. त्याला डेटा फारसा जात नाही. डेटा खाल्ला तो फोटोंच्या बॅकअपनं, पहिल्याच रात्री दोन जीबी गायब, आणि आमच्या फॅमिली ग्रुपनं, दिवाळीचे फटाक्यांचे व्हिडिओ सगळे आपोआप डाउनलोड. दोन्ही बंद केल्यावर हे हॉटस्पॉटवर क्रिकेट बघू लागले, ते बंद करायला मात्र बटण नव्हतं.

फोन भिजला तर लगेच चार्जिंगला लावू नका, माझा तर लावूच देत नव्हता, ओल आहे म्हणून खूण दाखवत बसला. भाचीनं फोन झिपवाल्या पिशवीत घालून दिला, वरून बोट चालतं. ट्रेननं फिरायला गेलात तर बोगदे इतके की रेंज येते-जाते, पंचवटी एक्स्प्रेसनं कसारा घाट उतरणाऱ्यांना नवीन नाही, मॅप आदल्या रात्री ऑफलाइन करून ठेवायचा. आणि बोटीनं जाणार असाल, ती मोठं जहाज असेल तर फोन विमान मोडवर, जहाजाचं स्वतःचं नेटवर्क असतं आणि ते आपल्या पॅकमध्ये नसतं.

परत आलो तेव्हा १० मधले पावणेतीन जीबी उरले होते. ते आता वाया. भाची म्हणते मे महिन्यात या, तेव्हा पाऊस कमी असतो. ई-सिम मी अजून डिलीट केलेलं नाही. हे कालच विचारत होते, त्यालाच परत टॉप-अप मारता येतो का.