कळमन्याचा भाव आणि तीन सारखे स्कोअर

मामांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, आंबिया बहार तोडणीला आला की त्यांचा फोन ठरलेला, "सांगते का तुह्यं मशीन उद्याचा भाव?" म्हणून मागच्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसून नागपूरच्या कळमना मार्केटची आवक, भाव, बहार (आंबिया की मृग, संत्र्याचे दोन हंगाम) असा डेटा जमवला आणि सायकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग लायब्ररीत भावाचा अंदाज सांगणारं मॉडेल करायला घेतलं.

आधी सगळा कोड एका नोटबुकात, वरून खाली. आवकेच्या कॉलममध्ये काही दिवशी टायपिंगमध्ये एक शून्य जास्त पडलेला, म्हणून ज्या आकड्याखाली ९९ टक्के दिवस येतात ती मर्यादा धरून त्यावरचे आकडे छाटून मर्यादेवर आणायचे, पण ती मर्यादा मी अख्ख्या डेटावरून काढून राहिलो होतो, म्हणजे ज्या महिन्यांवर टेस्ट करायची त्यांचीच माहिती ट्रेनिंगमध्ये आधीच शिरलेली. स्कोअर मस्त यायचा आणि तो खोटा होता. पाइपलाइन, म्हणजे डेटाच्या तयारीपासून मॉडेलपर्यंतच्या स्टेप्सची एकच साखळी, वापरायचं खरं कारण माझ्यासाठी हेच, कोड नीटनेटका दिसतो ते नंतरचं. पाइपलाइनमध्ये छाटणी ही एक स्टेप झाली की प्रत्येक फोल्डमध्ये (ट्रेनिंग-टेस्टच्या प्रत्येक वाटणीत) ती फक्त ट्रेनिंगच्या ओळींवर फिट होते, म्हणजे मर्यादा तेवढ्यावरूनच शिकते.

छाटणीचा ट्रान्सफॉर्मर (डेटा बदलून पुढे देणारी स्टेप) मी स्वतः लिहिला, त्याला "टक्का" हा पॅरामीटर, पुढे आकडे एका मापात आणणारा स्केलर आणि शेवटी रिज हे अंदाज काढणारं मॉडेल. मग ग्रिड सर्चला, म्हणजे दिलेल्या किमती एकेक करून पाहणाऱ्या साधनाला, टक्का म्हणून ९५, ९७, ९९ दिले. तिन्हीचा स्कोअर शेवटच्या दशांशापर्यंत सारखा! एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. दोन संध्याकाळी मी डेटाच तपासत बसलो.

चूक कन्स्ट्रक्टरमध्ये होती, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना एकदा चालणाऱ्या कोडमध्ये. तिथेच मी टक्क्याला शंभरने भागून वेगळ्या नावाने ठेवून दिलं होतं आणि फिटमध्ये तेच वापरत होतो. ग्रिड सर्च काय करतो, तर आधी ऑब्जेक्टचा क्लोन, म्हणजे नवी प्रत, काढतो आणि मग सेट-पॅराम्स या फंक्शनने "टक्का" बदलतो, कन्स्ट्रक्टर त्यानंतर परत चालत नाही, त्यामुळे भागलेला आकडा जुनाच राहतो. म्हणून या लायब्ररीत नियम असा की कन्स्ट्रक्टरमध्ये आलेली किंमत जशीच्या तशी ठेवायची, तपासणी-आकडेमोड सगळी फिटमध्ये, आणि डेटावरून जे शिकलं त्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर. मला आधी हा नियम उगाच कडक वाटायचा, पण खरं सांगतो, पाइपलाइनची सगळी लवचिकता यावरच उभी आहे. स्टेपचं नाव, दोन अंडरस्कोर, पॅरामीटरचं नाव, एवढं लिहिलं की आतली कुठलीही गोष्ट बाहेरून बदलता येते. स्केलरच्या जागी "पासथ्रू" दिलं की ती स्टेप गायब, रिज काढून रँडम फॉरेस्ट हे दुसरं मॉडेल लावायचं तर तेही ग्रिडमध्येच.

बहारच्या कॉलममध्ये आकडे नाही, नावं असतात, म्हणून तो वेगळा हाताळावा लागतो, त्यासाठी २०१८ मध्ये ०.२० व्हर्जनला आलेला कॉलम-ट्रान्सफॉर्मर आहे. तिथे अजून एक अडचण आली. डेटा तारखेप्रमाणे असल्यामुळे टाइम-सिरीज स्प्लिट (आधीच्या दिवसांवर ट्रेनिंग, नंतरच्यांवर टेस्ट) लावला होता, पहिल्या फोल्डच्या ट्रेनिंगमध्ये फक्त आंबियाचे महिने आणि टेस्टमध्ये एकदम मृग बहार, झालं, नावांचे आकडे करणाऱ्या वन-हॉट एन्कोडरने अनोळखी कॅटेगरी म्हणून एरर दिला. त्याच्या हँडल-अननोन या पॅरामीटरला "इग्नोर" दिल्यावर चाललं. मार्केट बंद असलेल्या दिवसांच्या ओळी तर पाइपलाइनच्या आधीच काढून टाकल्या, कारण ट्रान्सफॉर्म फक्त एक्स (मॉडेलला दिलेली माहिती) बदलतो, वायला (ज्याचा अंदाज काढायचा त्या भावाला) हात लावत नाही, आत ओळी गाळल्या तर दोघांची संख्या जुळत नाही.

आता मामांना आठवड्याचा अंदाज पाठवतो, आणि तो किती इकडेतिकडे होऊ शकतो तेही सांगतो. "कालचा भाव" हे फीचर (मॉडेलला द्यायचा कॉलम) अजून पाइपलाइनच्या बाहेरच आहे, ट्रान्सफॉर्मला समोर दिलेल्या ओळीच दिसतात, टेस्टच्या पहिल्या दिवसाला त्याचा आदला दिवस सापडत नाही. सध्या त्यावरच काम करून राहिलो.