हिमोग्लोबिन ९.२ आलंय, आणि गोळ्या तर रोज चालू आहेत

सहाव्या महिन्यातला रिपोर्ट येतो, त्यावर हिमोग्लोबिन ९.२ असतं आणि घरात चर्चा सुरू होते. सासूबाई बीट आणि डाळिंब आणायला सांगतात, आई फोनवरून खजूर सुचवते, डॉक्टर गोळीची कंपनी बदलून देतात. ज्या बाईचं रक्त कमी आहे तिला मात्र कुणी विचारत नाही की बाई गं, ती गोळी तू नेमकी कधी घेतेस आणि कशाबरोबर घेतेस?

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तामागे ११ ग्रॅमच्या) खाली गेलं की तो अ‍ॅनिमिया. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. यातली थोडी घसरण सगळ्यांचीच होते, कारण या काळात रक्तातला पातळ भाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो आणि तांबड्या पेशी जेमतेम २० ते ३० टक्क्यांनी. सातव्या-आठव्या महिन्याच्या आसपास आकडा सगळ्यात खाली असतो. ही नैसर्गिक घसरण धरूनच ११ ची रेषा आखली आहे. त्यामुळे ९.२ ला ‘गरोदरपणात असं होतंच’ म्हणून सोडून देता येत नाही. बाळंतपणात रक्त जातंच. ज्या बाईकडे शिल्लक नाही तिला थोडा जास्त रक्तस्रावही झेपत नाही.

हिशोब बघा. पूर्ण गरोदरपणात साधारण १००० मिलिग्रॅम जादा लोह लागतं. त्यातलं ३०० च्या आसपास बाळ आणि वारेला, ५०० आईच्या वाढीव रक्ताला आणि उरलेलं रोजच्या झिजेत. शाकाहारी जेवणातल्या लोहापैकी अंगी लागतं ५ ते १० टक्के. बीट आणि डाळिंब या दोन्हींत १०० ग्रॅममागे १ मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. त्यांचा लाल रंग लोहाचा नाही. खा, चांगली फळं-भाज्या आहेत, पण ९.२ चं ११ करणं हे त्यांचं काम नव्हे. मटकी, चवळी, हरभरा, बाजरी, राजगिऱ्याची पालेभाजी यांत त्याहून बरंच जास्त असतं. मटकीला मोड आणले आणि वरून लिंबू पिळलं की शोषणही सुधारतं. मांसाहार चालत असेल तर मटण-मासळीतलं लोह सगळ्यात सहज शोषलं जातं. एवढं करूनही आधीच खाली गेलेलं रक्त केवळ जेवणाने भरून येत नाही. गोळी लागतेच.

आता गोळी. सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडून मिळणारी लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक अ‍ॅसिड, ४०० मायक्रोग्रॅम, आणि तेही खरं तर दिवस राहण्याआधीपासून घ्यायला हवं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की उपचाराचा डोस रोज दोन गोळ्यांचा होतो. खाजगी दुकानातल्या गोळीचं पाकीट मात्र उलटून वाचायला हवं. पुढे मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बऱ्याचदा क्षाराचा, म्हणजे लोह ज्यात आहे त्या अख्ख्या संयुगाचा असतो, नुसत्या लोहाचा नाही. फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅम म्हणजे लोह साधारण ६०, फेरस फ्युमरेट ३०० म्हणजे साधारण १००. मागे बारीक अक्षरात ‘एलिमेंटल आयर्न’ असं लिहिलेलं असतं, तो आकडा खरा. प्रेग्नन्सीचं म्हणून मिळणाऱ्या महागड्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये लोह, कॅल्शियम, झिंक सगळं एकाच कॅप्सूलमध्ये कोंबलेलं असतं आणि लोहाचा वाटा पुष्कळदा नावापुरता असतो. अ‍ॅनिमिया असलेल्या बाईला तेवढ्यावर ठेवणं मला पटत नाही. लाल गोळी फुकट मिळते म्हणून हलकी, हा समज तर पूर्ण चुकीचा.

गाडी बहुतेक वेळा अडते ती घड्याळात. पुण्यातल्या नेहमीच्या घरातली सकाळ घ्या: उठल्यावर चहा, मग पोहे, मग पुन्हा अर्धा कप चहा, एक ग्लास दूध, आणि विसरायला नको म्हणून लोह, कॅल्शियम, थायरॉइड अशा सगळ्या गोळ्या एकाच घोटात. यातली लोहाची गोळी जवळजवळ वाया गेली. चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं, दूध आणि कॅल्शियमची गोळी त्याचं शोषण अडवतात, आणि लोह स्वतः थायरॉइडच्या गोळीला अडवतं. अ‍ॅसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल किंवा गुलाबी औषध चालू असेल तर पोटातलं आम्ल कमी होतं, आणि लोह विरघळायला तेच आम्ल लागतं.

चालेल असं वेळापत्रक सांगते. थायरॉइडची गोळी असेल तर उठल्याउठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. लोह आणि कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या लिहिलेल्या असतात, त्या दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायच्या. लोह या दोन्हींपासून किमान दोन तास लांब. बहुतेकींना दुपारी चार-साडेचारची वेळ जमते: जेवण होऊन तीन तास झालेले, सोबत लिंबूपाणी, आवळा किंवा पेरू. मग चहा तासाभराने. नोकरी करणाऱ्यांचं गणित नेमकं इथे चुकतं, कारण हिंजवडी असो की कॅम्प, ऑफिसात चारला चहाच येतो. त्यांनी गोळी रात्रीवर न्यावी: जेवण आठला, गोळी साडेदहाला, वर ग्लासभर पाणी, आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी घेऊन लगेच झोपलं की छातीत जळजळतं आणि दोष गोळीला लागतो. दिवसाला दोन गोळ्या असतील तर दुसरी सकाळी अकराच्या सुमारास.

मळमळ होते, पोट साफ होत नाही, शी काळी होते, अशा तक्रारींवरून गोळ्या कपाटात पडून राहतात. काळी शी ही अपेक्षितच आहे. उलट चांगली खूण. मळमळ फार असेल तर पंधरा दिवस जेवणानंतर लगेच घ्या, फक्त त्या जेवणाबरोबर कॅल्शियमची गोळी नको. शोषण थोडं कमी होईल, पण न घेण्यापेक्षा कितीतरी बरं. पंधरा दिवसांनी हळूहळू वेळ जेवणापासून लांब न्या. तेही जमेना तर डॉक्टरांना सांगून एक दिवसाआड घेता येईल का ते विचारा. लोहाचा डोस पोटात गेला की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते पुढचं साधारण दिवसभर आतड्याचं दार अर्धवट लावून ठेवतं, म्हणून काही जणींना एक दिवसाआडच्या गोळीचा चांगला उपयोग होतो. पण हे डॉक्टरांशी बोलून, परस्पर नव्हे. आणि ‘पोटाला त्रास होऊ नये’ म्हणून आतड्यात खूप पुढे जाऊन विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या त्रास देत नाहीत हे खरं, पण लोह शोषलं जातं आतड्याच्या अगदी सुरुवातीला, आणि ती जागा या गोळ्या न विरघळताच ओलांडून जातात.

डोहाळ्यांबद्दल एक. पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजकी माती, कच्चे तांदूळ किंवा फ्रीजमधला बर्फ खावासा वाटणं याला घरात कौतुकाने डोहाळे म्हणतात. अशी ओढ पुष्कळदा लोहाच्या कमतरतेमुळेच लागते. त्यात माती पोटातल्या लोहाला बांधून घेते, जंत होण्याचा धोका वेगळा. चेष्टेवारी न नेता तपासणीच्या वेळी सांगा. जंतांसाठी तिसरा महिना उलटल्यावर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी देतात, ती टाळू नका.

आकडाच चुकला असेल, असंही होतं. बोट टोचून काढलेल्या थेंबासाठी बोट पिळलं की रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन खोटं कमी येतं. जुन्या साहली पद्धतीत नळीतला तपकिरी रंग शेजारच्या काचेशी डोळ्यांनी जुळवायचा असतो, आणि रंग पुरता उतरायला द्यायची दहा मिनिटं घाईत कुणी देत नाही. म्हणून उपचार ठरवायचे तर शिरेतून रक्त घेऊन सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी करा, आणि प्रत्येक वेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये.

सीबीसीचा कागद हातात आला की फक्त पहिली ओळ वाचून घडी घालू नका. खाली एमसीव्ही असतो, म्हणजे पेशीचा सरासरी आकार. तो ८० च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत, बहुधा लोह कमी. पण पेशी लहान आणि तांबड्या पेशींची एकूण संख्या मात्र चांगली भरपूर, ५० लाखांच्या वर, असं असेल तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक असण्याचा संशय घ्यायचा. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने भागा, ती लाखांऐवजी दशलक्षात धरून (५४ लाख म्हणजे ५.४), उदाहरणार्थ ६२ भागिले ५.४, उत्तर १३ च्या खाली आलं की एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी करून घ्यायची. त्यात एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेला तर बाई वाहक असण्याची शक्यता मोठी. मग नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि वारेचा तुकडा घेऊन गर्भाची तपासणी करायची तर ती अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास. सहाव्या महिन्यात हे कळून काय उपयोग? सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली घरांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे. पिंपरी कॅम्पातल्या सिंधी कुटुंबांनी तर ही तपासणी लग्नाआधीच करून घ्यावी. नंदुरबार, गडचिरोली किंवा विदर्भातून पुण्यात आलेल्या कुटुंबांनी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणीही याच वेळी करून घ्यावी.

एमसीव्ही १०० च्या वर असेल, किंवा लोह देऊनही रक्त हलत नसेल, तर बी१२ बघायचं. या बाबतीत पुण्याचं नाव जगात आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या त्या कामात अनेक मातांमध्ये बी१२ कमी आढळलं. ज्या मातांमध्ये बी१२ कमी आणि फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड ज्याचं गोळीतलं रूप आहे ते जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. घरात मांस-मासे-अंडी काहीच नसेल आणि दूधही नावापुरतं, तर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चालू असताना बी१२ तपासून घ्या.

आता वेळेचा नियम. उपचाराचा डोस सुरू केल्यावर एका महिन्यात हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढायला हवं. नाही वाढलं, तर आणखी महिनाभर ‘बघू’ म्हणायचं नाही. गोळ्या खरंच घेतल्या जात होत्या का, वेळ बरोबर होती का, वर सांगितलेल्या तपासण्या झाल्या का, हे बघायचं आणि शिरेतून लोह द्यायचा विचार करायचा. त्याचा डोस असा काढतात: गरोदरपणाआधीचं वजन, गुणिले हिमोग्लोबिनमधली तूट, गुणिले २.४, अधिक ५००. म्हणजे ५० किलोची बाई, हिमोग्लोबिन ८, गाठायचं ११, तर ३६० अधिक ५००, एकूण ८६० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज असेल तर एका वेळी २०० मिलिग्रॅम, एक दिवसाआड, म्हणजे चार-पाच खेपा. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज महाग पडतं, पण १००० मिलिग्रॅमपर्यंत एका बैठकीत, सलाइनमधून पंधरा-वीस मिनिटांत देता येतं. पहिल्या तीन महिन्यांत यातलं काहीच देत नाहीत, आणि शिरेतलं लोह चालू असताना गोळ्या बंद ठेवतात. सुई लावलेल्या जागी जळजळलं किंवा फुगलं तर लगेच सिस्टरना हाक मारा: औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. हिमोग्लोबिन ७ च्या खाली आणि आठवा-नववा महिना असेल तर दवाखान्यात दाखल व्हायचं. ५ च्या खाली कुठल्याही महिन्यात तातडीने, तिथे रक्तच द्यावं लागतं. बसल्याबसल्या धाप लागणं, छातीत धडधड, चेहऱ्यावर सूज, यात आकड्याची वाटच बघायची नाही. १०८ ला फोन करायचा.

खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची तपासणी मोफत होते. मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय, ससून आणि पिंपरीचं वायसीएम ही सरकारी आणि पालिकेची मोठी ठिकाणं.

सगळ्यात मोठी गळती होते ती माहेरी जाताना. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी साताऱ्याला, बीडला नाहीतर जळगावला जाते. नेमका तोच काळ हिमोग्लोबिन सगळ्यात खाली असण्याचा. पुण्याची फाइल पुण्यात राहते, तिकडचे डॉक्टर नव्याने सुरुवात करतात, मधे दीड महिना रक्त तपासलंच जात नाही. निघण्याआधी त्याच आठवड्यातलं सीबीसी, रक्तगट, एचपीएलसीचा कागद आणि माता-बाल संरक्षण कार्ड एका पिशवीत घाला, दोन महिन्यांच्या गोळ्या सोबत घ्या, आणि तिकडे पोचल्यावर आठवडाभरात नाव नोंदवा.

बाळंतपणात नाळ लगेच कापू नका, एक ते तीन मिनिटं थांबा, हे आधीच बोलून ठेवा. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्याच्या पहिल्या काही महिन्यांचं लोह भरून निघतं. आईच्या गोळ्याही बाळंतपणाबरोबर संपत नाहीत. पुढे आणखी १८० दिवस रोज एक घ्यायची असते. घरात तोवर हळिवाची खीर, डिंकाचे लाडू सुरू झालेले असतात आणि गोळी मागे पडते. खीर खुशाल खा, मात्र ती दुधातली असते, तेव्हा गोळी तिच्याबरोबर नको. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर लोहाची गोळी लिहिली आहे का ते बघा. नसेल तर तिथेच विचारून लिहून घ्या.