ग्रब स्क्रू ते स्प्रिंग पिन : पेरणी यंत्राच्या शाफ्टवरचा माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा लहान कारखाना आहे आणि तेथे आम्ही ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रांचे सुटे भाग तयार करतो. बियाण्याच्या पेटीखालचा शाफ्ट साखळीने फिरतो. त्यावरचा स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, पूर्वी ग्रब स्क्रूने (डोके नसलेल्या लहान स्क्रूने) आवळलेला असे. शेतातल्या धक्क्यांनी तो स्क्रू हळूहळू सैल पडे, स्प्रॉकेट शाफ्टवर घसरू लागे आणि बियाणे पडणे थांबले तरी चालकाच्या ते लक्षात येत नसे. उगवण झाल्यावरच रिकाम्या ओळी दिसत. शेतकऱ्याचा हंगाम असा वाया जाणे मला कधीच मान्य नव्हते, म्हणून ही जोडणी मुळापासून बदलायचे मी ठरवले.

स्क्रूऐवजी स्प्रॉकेट आणि शाफ्ट यांतून आरपार पिन ठोकायचे ठरले. निमुळती होत जाणारी टेपर पिन मजबूत असते, पण तिच्या १:५० उतारासाठी प्रत्येक भोकात रिमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवावा लागतो. भरीव डॉवेल पिनसाठी ५ मिमीच्या भोकात सामान्यतः जेमतेम ०.०१२ मिमी सूट (मापात चालणारा फरक) मिळते. खाचेच्या स्प्रिंग पिनला, म्हणजे लांबीभर उभी चीर असलेल्या स्प्रिंग स्टीलच्या पोकळ पिनला, जिला आमचे कारागीर रोल पिन म्हणतात, त्याच भोकात ०.१२ मिमीपर्यंत सूट चालते. ही सूट दहापट आहे, म्हणूनच साध्या ड्रिलने पाडलेले भोक पुरते आणि रिमिंगचा टप्पा पूर्णपणे वगळता येतो.

ही पिन स्वतःला कशी धरून ठेवते, हे ती ठोकताना हातालाच कळते. आयएसओ ८७५२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ५ मिमीची पिन मोकळी असताना प्रत्यक्षात ५.४ ते ५.६ मिमी जाडीची असते. तिचे निमुळते टोक भोकात सहज शिरते, पण पुढच्या ठोक्यासरशी उभी खाच मिटत जाते आणि हातोडीला सलग, दाट प्रतिकार जाणवतो. आत गेल्यावर दबलेले स्प्रिंग स्टील पुन्हा फाकू पाहते आणि भोकाच्या भिंतीवर सतत दाब देत राहते. कंपनाने सैल पडायला येथे आटे नाहीत, त्यामुळे नट, वॉशर किंवा चिकटद्रव्य यांपैकी कशाचीही गरज उरत नाही.

आकार ठरवताना मी आधी हिशेब केला. पिनचा व्यास शाफ्टच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नसावा, असा संकेत आहे. आमचा शाफ्ट २० मिमीचा असल्याने ५ मिमीची पिन त्यात आरामात बसते. मानकाप्रमाणे ही पिन दुहेरी कातरणीत (एकाच वेळी दोन ठिकाणी कापू पाहणाऱ्या भाराखाली) किमान १७.५४ किलोन्यूटन भार सहन करते, म्हणजे या शाफ्टवर कागदोपत्री सुमारे १७५ न्यूटन-मीटर पीळ. आमच्या शाफ्टवर प्रत्यक्षात येणारा पीळ त्याच्या जवळपासही जात नाही. अधिक ताकद लागलीच, तर ५ मिमीच्या पिनच्या पोकळीत ३ मिमीची दुसरी पिन ठोकता येते. तेव्हा दोन्ही खाचा विरुद्ध दिशांना ठेवाव्यात.

भोक पाडताना स्प्रॉकेट आणि शाफ्ट एकत्र बांधून एकाच दमात आरपार ड्रिल मारणे मला अत्यावश्यक वाटते. वेगवेगळे पाडलेले भोक थोडे जरी सरकले, तरी पिन वाकडी शिरते आणि तिची पकड एका कडेवरच राहते. आरपार भोकाचा आणखी एक फायदा म्हणजे दुरुस्तीच्या वेळी ४.५ मिमीचा पंच लावून पिन मागून बाहेर काढता येते. बंद, म्हणजे आरपार न गेलेल्या भोकात हे जवळजवळ अशक्य असते, म्हणून तेथे मी ही पिन वापरत नाही. काढलेली पिन पुन्हा घालण्याऐवजी नवीच घालावी, असे मी ग्राहकांना आवर्जून सांगतो.

सतत उलटसुलट धक्के बसणाऱ्या जागी खाचेची पिन पुरेशी नसते, कारण खाच एकदा पूर्ण मिटली की तिचा लवचीकपणा संपतो आणि पुढचा धक्का थेट भोकाच्या कडेवर जातो. अशा ठिकाणी पट्टी सव्वादोन वेढे गुंडाळून केलेली गुंडाळी पिन घेतलेली बरी. खरेदी करताना इलेक्ट्रोप्लेटिंग केलेल्या कठीण पिनांबाबतही सावध राहावे; त्या प्रक्रियेत हायड्रोजन शिरून स्प्रिंग स्टील ठिसूळ होऊ शकते. म्हणून आम्ही फॉस्फेट लेपाच्या पिना घेतो आणि पावसात उघड्यावर राहणाऱ्या यंत्रांना स्टेनलेस स्टीलच्या बसवतो.