तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गासमोरची भीती

‘‘बाई, बोलताना एवढं अडखळता, तरी रोज वर्गासमोर उभ्या राहता. ती भीती घालवलीत कशी?’’ सहकारी विचारतात, पालक विचारतात, शाळा सोडून गेलेली मुलं पुढे कधी भेटली की तीही विचारतात. बहुतेक वेळा मी ‘सवयीनं’ एवढंच म्हणून विषय बदलते. त्या उत्तरानं कुणाचं समाधान होत नाही, माझं तर मुळीच नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

भीती गेलेली नाही. आज सकाळी हजेरी घेतानाही एका नावाच्या आधी ती येऊन उभी होती. अडखळणाऱ्या माणसाला शब्द लांबूनच दिसतो. वाक्य सुरू होतं तेव्हाच कळतं की पुढचा तो अमुक शब्द अडणार, आणि तिथे पोहोचायच्या आत घसा आवळायला लागतो. मग आम्ही शब्द बदलतो. ‘परवा’ अडणार असं वाटलं की ‘दोन दिवसांनी’, ‘बरोबर’ नको म्हणून ‘योग्य’. माझी भाषा फार नेटकी आहे असं लोक म्हणायचे. तिच्यातला प्रत्येक नेटका शब्द कुठल्या तरी दुसऱ्या शब्दाला घाबरून आलेला असायचा. स्वतःच्या नावाला मात्र पर्याय नसतो. म्हणूनच आमच्यातले पुष्कळ जण सगळ्यात जास्त अडतात ते नाव सांगताना, आणि समोरचा म्हणतो, ‘‘नाव विसरलात की काय?’’

‘आत्मविश्वास वाढवा’ या सल्ल्याचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. लहानपणी साधारण 5 टक्के मुलं कधी ना कधी अशी अडखळतात. त्यातली बहुतेक पुढे सरळ बोलू लागतात. मोठ्यांमध्ये हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास उरतं, आणि त्यात पुरुष बायकांच्या जवळजवळ चौपट. आनुवंशिकतेचा यात मोठा वाटा आहे, आणि बोलण्याच्या हालचाली मेंदूत वेळेवर जुळण्याशी याचा संबंध आहे. घाबरट स्वभाव हे याचं मूळ नाही. गाताना मी अडत नाही. चार जणांबरोबर एका सुरात वाचताना अडत नाही. खोलीत एकटीच बोलत असले तर सहसा अडत नाही. ऐकणारं कुणी समोर आलं की अडते. भीती इथे नंतर येते. ती अडखळण्यावर चढते आणि त्याला अजून घट्ट करते.

मग कुणी तरी डेमॉस्थेनिसची गोष्ट सांगतं, तो प्राचीन ग्रीक वक्ता तोंडात खडे धरून बोलायचा सराव करायचा म्हणे. कुणी इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज सांगतं, त्यानं कशी मात केली वगैरे. 3 सप्टेंबर 1939चं त्याचं युद्धाच्या घोषणेचं भाषण आजही ऐकता येतं. त्यात थांबे आहेत, वाक्याच्या मध्येच आहेत, आणि इतक्या वर्षांचा त्याचा वाचाशिक्षक लायनेल लोग तेव्हाही शेजारी उभा होता. मी ते भाषण ऐकते तेव्हा मात केलेला माणूस मला ऐकू येत नाही. अडत अडत काम पुरं करणारा माणूस ऐकू येतो. मला तो जास्त जवळचा वाटतो.

आता ते सांगते, जे मी तोंडी कुणाला सांगितलेलं नाही.

मी तेव्हा प्रयोगशाळेत काम करत होते. स्लाइड बनवायच्या, सूक्ष्मदर्शकं पुसून ठेवायची, द्रावणं तयार करायची. दिवसभर फारसं बोलावं लागत नसे, आणि मी ते काम निवडलं होतं ते त्यासाठीच. शिकवायचं मात्र फार मनात होतं. शेवटी एका शाळेत अर्ज केला. मुलाखतीला बोलावणं आलं, आणि सोबत वर्गात एक पाठ घेऊन दाखवायचा होता. विषय दिला होता: परासरण.

ओठ मिटून सुरू होणारे शब्द माझे सगळ्यात कठीण. ‘प’ तर फारच. आदल्या रात्री मी अख्खा पाठ असा रचला की तो शब्द मला एकदाही उच्चारावा लागू नये. फळ्यावर लिहायचा, त्याखाली रेघ मारायची, मुलांकडून वाचून घ्यायचा. पाण्याचे रेणू अर्धपार्य पटलातून कसे जातात, पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे का जातात, हे मला इतकं नीट समजलेलं होतं की नाव न घेताही ते समजावता येईल याची खात्री होती.

आणि पाठ खरंच चांगला चालला. मुलं ऐकत होती. मागच्या बाकावर निवड समिती बसली होती. शेवटाकडे त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, ‘‘बाई, सगळं सांगितलंत, पण या क्रियेला म्हणतात काय, ते तुमच्या तोंडून एकदाही आलं नाही.’’

ते खोचकपणे बोलले नव्हते. त्यांना ते राहून गेलं असं वाटलं असेल. मी तोंड उघडायला गेले आणि ओठ मिटले ते मिटलेच. ज्यांना हे होत नाही त्यांना सांगते: शब्द माहीत असतो, अगदी समोर असतो, श्वासही असतो, आणि तरी ओठ जणू दुसऱ्या कुणाच्या ताब्यात गेलेले असतात. हनुवटी थरथरायला लागली. मी डोळे मिटून घेतले. कुणी तरी फिसकन हसलं, मग कुणीच हसेना. ते गप्प होणं हसण्यापेक्षा वाईट होतं. आणि मग तेच गृहस्थ मायेनं म्हणाले, ‘‘परासरण, परासरण. असू द्या बाई, पुढे चला.’’

माझी सुटका झाली होती. शब्द वर्गात येऊन पडला होता, मुलांनी ऐकला होता, कुणाचंच अडून राहिलं नव्हतं. मान हलवून पुढे जाणं हेच मी आयुष्यभर करत आले होते. त्या दिवशी मात्र माझ्या आत काही तरी पेटलं. हा विषय मला या खोलीतल्या कुणाहीपेक्षा जास्त आवडतो, मी रात्रभर त्याच्याशी बसले आहे, आणि त्याचं नाव माझ्या वर्गाला दुसरंच कुणी सांगून मोकळं झालं. मी म्हणाले, ‘‘मला म्हणू द्या.’’

हे तीन शब्द म्हणतानाही अडले. मग ‘परासरण’ म्हणायला घेतला, आणि या वेळी पहिल्यापेक्षाही जास्त वेळ लागला. फरक एवढाच की डोळे उघडे ठेवले आणि मुलांकडे बघत राहिले. शब्द आला तो तुकड्यातुकड्यांनी आला. सुंदर वगैरे काही नव्हतं ते. पण नंतर दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, ‘‘पाणी असं आत येतच राहिलं तर पेशी फुटत नाही का?’’

इतका चांगला प्रश्न! मी सांगायला लागले की प्राण्यांची पेशी खरंच फुटते, तांबड्या रक्तपेशी साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात, वनस्पतींच्या पेशीला मात्र बाहेरून भिंत असते आणि ती तो दाब पेलून धरते. मी सारखी अडत होते, आणि ती मुलगी माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. तिला भिंतीबद्दल ऐकायचं होतं.

ती नोकरी मला मिळाली नाही. ‘विषयाचं ज्ञान उत्तम, पण मुलांना त्रास होईल,’ असं कळवण्यात आलं. मी पुष्कळ रडले. तेव्हा मला आपण धाडसी आहोत असं क्षणभरही वाटलं नाही. अपमान वाटला, आणि राग आला. तुम्ही विचारता ना, धाडस कुठून आणलंत? त्या दिवशी तरी ते रागातून आलं. पण राग रोज सकाळी मिळत नाही, आणि वर्ग रोज सकाळी असतो. म्हणून हे उत्तरही मला पुरं वाटत नाही.

पुढचं लवकर सांगण्यासारखं आहे. एका वाक्‌-उपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी मला सरळ बोलायला शिकवण्याआधी मुद्दाम अडखळायला लावलं: अनोळखी माणसाला वेळ विचारताना, तिकीट मागताना, जिथे अडणार नाही तिथेसुद्धा. जोसेफ शीहान नावाचे एक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते, ते स्वतः अडखळायचे. त्यांनी अडखळण्याला हिमनगाची उपमा दिली: ऐकू येतं ते थोडं, आणि पाण्याखाली लाज, टाळाटाळ, भीती. मी इतकी वर्षं वरचा भाग लपवायच्या मागे होते आणि खालचा वाढत होता. आता नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगते: ‘‘मी अडखळते. थोडं थांबा. शब्द मला सुचवू नका.’’ मुलांना यात काही विशेष वाटत नाही. अस्वस्थ होतात ते मोठेच.

आणि भीती गेली का, याबद्दल. 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या एका लहान मुलाची सशाची भीती कमी केली: तो आवडीचा खाऊ खात असताना ससा रोज थोडा जवळ आणत. तेव्हापासून हळूहळू सामोरं जाण्याची ही वाट पुष्कळांनी तपासली आहे आणि ती खरोखर उपयोगी आहे. पण रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी ज्या कुत्र्यांना ठरावीक खूण मिळाली की लाळ सुटायची सवय लावली होती, त्यांच्यातही दिसलं होतं की मोडलेली सवय काही काळानं आपोआप परत येते. जुनं शिकणं पुसलं जात नाही, त्याच्या शेजारी नवं शिकणं तयार होतं, आणि जागा बदलली की जुनं डोकं वर काढू शकतं. हे वाचलं तेव्हा मला मोठा आधार वाटला. वर्गात मी उभी राहते आणि अनोळखी माणसाला फोन करायचा झाला की आजही दिवसभर टाळते, याचं मला स्वतःलाच कोडं होतं.

प्रयोगशाळेतली ती मी मात्र अजून वाद घालते. ती म्हणते, तू शब्दावर अडून राहतेस तो वेळ मुलांचा असतो. तुझ्या हौसेची किंमत त्यांनी का द्यायची? मी तिला सांगते, त्या मुलीचा प्रश्न आठव. ती म्हणते, एक मुलगी आठवतेस, आणि जी कंटाळून खिडकीबाहेर बघत होती तिचं काय? यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आणि तिला भित्री म्हणायला मी तयार नाही. तिनं मला अन्न दिलं, विषयाची गोडी लावली, आणि त्या शांत खोलीत ती बऱ्यापैकी सुखी होती. तिथेच राहिली असती तर आयुष्य वाया गेलं असतं असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

म्हणून अडखळणाऱ्या मुलाचे आईवडील विचारतात, ‘‘बाई, आमच्या मुलाला भाषणाच्या स्पर्धेत उतरवू का?’’ तेव्हा मी लगेच हो म्हणत नाही. मला कुणी उतरवलं नव्हतं. मला काही तरी शिकवायचं होतं, आणि बोलणं त्याच्या वाटेत आलं. तुमच्या मुलाला काय हवं आहे ते मला माहीत नाही. ते त्यालाच विचारा, आणि तो अडला तर त्याचं वाक्य पुरं करू नका. त्याचं उत्तर ‘नको’ आलं, तर मला काय वाटेल हे मी अजून ठरवू शकलेले नाही. कधी वाटतं, त्याला थोडं ढकलावं. कधी वाटतं, मला तेव्हा कुणी ढकललं असतं तर मी त्या शाळेच्या दारातूनच परत फिरले असते.