बहिणींच्या ओळीत

रात्री दोनचा गजर लावून उठले. बाहेर मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातली हाडं गोठवणारी थंडी होती. आमच्या फिरत्या डायलिसिसच्या ट्रकमध्ये शिरून आधी पाणी शुद्ध करणारं आरओ सुरू केलं आणि ते स्थिरावल्यावर पाण्यात क्लोरीन उरलेलं नाही ना, हे पट्टी बुडवून पाहिलं. ही तपासणी कितीही घाई असली तरी उरकायची नसते. चार तासांच्या डायलिसिसमध्ये साधारण 120 लिटर पाणी पेशंटच्या रक्ताशेजारून वाहतं आणि दोघांच्या मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो.

मी मूळची सोलापूरची. तिथल्या डायलिसिस विभागात काम करत असताना खेड्यांतून एसटीनं येणारे पेशंट पाहिले होते. आठवड्यातून तीनदा पहाटेची गाडी धरायची, संध्याकाळी थकून परतायचं. फार हाल होत, पण निदान रात्री आपल्या घरात पाठ टेकायला मिळायची. मध्य ऑस्ट्रेलियात किडनी निकामी झाली की माणूस गावालाच मुकायचा. किंटोर हे गाव ॲलिस स्प्रिंग्ज या शहरापासून 500 किलोमीटरच्या पलीकडे, बराचसा रस्ता तांबड्या मातीचा. तिथून आठवड्यातून तीनदा ये-जा कोण करणार? मग माणसं शहरात येऊन राहायची, मशीनवर जगायची आणि घरच्या ओढीनं झुरायची. कित्येक जण डायलिसिस अर्धवट सोडून गावी निघून जायचे. पुढे काय होणार, हे त्यांना पक्कं माहीत असायचं.

यातून वाट काढली ती त्याच लोकांनी. 2000 साली किंटोर आणि किविरकुरा इथल्या पिंटुपी या आदिवासी समाजातल्या चित्रकारांनी एकत्र बसून मोठाली चित्रं रंगवली. सिडनीत त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. 2004 मध्ये किंटोरला डायलिसिस सुरू झालं. आज ही संस्था पर्पल हाऊस म्हणून ओळखली जाते. तिचं मूळ नाव लांबलचक आहे, पिंटुपी-लुरिचा भाषेतलं. त्याचा अर्थ, आपल्या सगळ्या कुटुंबांना बरं करणं. 2011 मध्ये दोन खुर्च्यांचा हा ट्रक आला. जिथे कायमचं केंद्र नाही तिथे तो जातो: कुणाला चार दिवस माहेरी राहायचं असतं, कुणाला सणाला, कुणाला मयताला. संस्थेचे संचालक आदिवासीच, त्यांतले काही जण स्वतः डायलिसिसवर. हे सगळं मला नोकरीवर रुजू होतानाच सांगितलं होतं. त्याचा अर्थ मात्र त्या आठवड्यात उमगला.

आम्ही गेलो होतो एका दफनविधीसाठी. गेलेल्या बाईंचं नाव लिहीत नाही, कारण तिकडे मृताचं नाव उच्चारत नाहीत. गावाचंही लिहीत नाही. त्यांची धाकटी बहीण माझी पेशंट, कित्येक वर्षं ॲलिस स्प्रिंग्जमध्ये अडकलेली. ओळख झाली त्याच महिन्यात तिनं मला स्वतःचंच कुळनाव दिलं होतं, नांगाला. म्हणजे नात्यानं आम्ही बहिणी. मी तिला मराठीत ताई म्हणायचे, तिला तो शब्द आवडायचा.

ताईंचा डायलिसिसचा वार नेमका दफनाच्या दिवशी येत होता. मी वेळापत्रक केलं: सकाळी नऊला सुरू, दुपारी एकला मोकळी. विधी दहाचा. मनात म्हटलं, शेवटी शेवटी पोचेल की. एक दिवस पुढे ढकलण्याला मी तयार नव्हते. दोन दिवसांच्या खंडानं तिच्या पायांवर सूज होती आणि आडवं झालं की धाप लागत होती.

ताईंनी कागद पाहिला आणि काही न बोलता तो शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या हातात दिला. त्या संचालक मंडळातल्या, आणि दुसऱ्या खुर्चीवरच्या पेशंटही. त्यांनी मला एवढंच विचारलं, "मशीन रात्री चालत नाही का?"

चालतं की. मला ते सुचलं नव्हतं, याची आजही खंत वाटते. तपासायला हवी होती माझी सोय, आणि मी बदलायला निघाले होते तिचा शोक.

पहाटे चारला ताई ब्लँकेट गुंडाळून आली. वजन केलं, दोन किलो आठशे जास्त भरलं, अंगात साठलेल्या पाण्याचं. चहा फार झाला, असं मी नेहमी दरडावते. त्या दिवशी गप्प राहिले. तिच्या डाव्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या जागेवर, बोटं ठेवली. मांजर मांडीवर घेतल्यावर गुरगुरते ना, तशीच थरथर हाताला लागते. तिच्याबरोबर आलेल्या नातीलाही हात लावून बघायचा होता. ताईनं तिचं बोट धरून तिथे टेकवलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. पोरगी दचकली, मग हसली. मग मी दोन्ही सुया घातल्या. रक्त नळीतून फिरायला लागलं.

उजाडत आलं तेव्हा ताई म्हणाली, दार उघड. समोर डोंगराची रांग आधी जांभळी, मग तांबडी झाली. ताई हनुवटीनं एकेक जागा दाखवत नातीशी हळू आवाजात बोलत होती. मला तिनं त्याचा अर्थ सांगितला नाही, मीही विचारला नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.

सव्वाआठला रक्त परत दिलं, सुया काढल्या, रक्त थांबेपर्यंत दहा मिनिटं दाबून धरलं. आता धाप नव्हती. मी आवराआवरीला लागले, तर ताई पायऱ्यांवरच थांबून राहिलेली.

"चल, तुझी जागा तिकडे आहे."

मला वाटलं, धरून न्यायचं असेल. पण ती म्हणत होती ते वेगळंच. गेलेली बाईही नांगालाच, म्हणजे मीही तिची बहीण. बायका जमिनीवर बसल्या होत्या, कपाळाला पांढरी माती लावून. बहिणींच्या ओळीत मला सरकून जागा करून दिली. माणसं एकामागून एक येत होती, न बोलता आमचे हात हातात घेऊन पुढे जात होती. माझाही हात घेत होती. त्यांच्या भाषेतली ख्रिस्ती भजनं सुरू झाली आणि ताई मोठ्यानं रडली. मी तिच्या हातावरच्या पट्टीवर लक्ष ठेवून होते, आणि रडतही होते.

दुपारी कुणीतरी तिला मोठ्या पत्र्याच्या मगात गोड चहा आणून दिला. तिनं दोन घोट घेतले, माझ्याकडे पाहिलं आणि उरलेला मग माझ्या हातात दिला.