तेरीज जुळवणारी बाई हिशेबात नापास

२०१३ साली आमच्या पतसंस्थेत एक मुलगा लागला. बी.कॉम., वय चोवीस. पिग्मीचं कलेक्शन कसं चढवायचं, संध्याकाळी कॅश टॅली होत नसेल तर आधी कुठं बघायचं, हे सगळं त्याला मी शिकवलं. पुढच्या एप्रिलमध्ये तो शाखाधिकारी झाला आणि मी त्याला 'साहेब' म्हणायला लागले. मला तिथं दहा वर्षं झाली होती. शिक्षण बारावी, १९९६.

त्या रागातून मी पदवीचा फॉर्म भरला असं सगळ्यांना वाटतं. राग काय, तो दर मार्चअखेरला येतो आणि पाडव्यापर्यंत जातो. खरं कारण वेगळं. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेची परीक्षा असते, मे महिन्यात, सहा पेपर. पास झालं की पतसंस्था, सोसायट्यांच्या ऑडिटरच्या रांगेत उभं राहता येतं. तिची माहिती मी चहा पिता पिता वाचत होते. हिशेब, ऑडिट, सहकार कायदा. म्हटलं, यातलं निम्मं तर आपण रोज हातानं करतो. मग पात्रता वाचली : कोणत्याही शाखेची पदवी. कोणत्याही! इतिहासात बी.ए. झालेली चालेल, दहा वर्षं तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाजूंचा ताळा, जुळवणारी चालणार नाही.

त्या वर्षी मी फॉर्म भरायचा ठरवलाच होता असंही नाही. आमच्या कराडात कॉलेजं आहेत, पण रेग्युलरला पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. नोकरी सांभाळून ते शक्य नव्हतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण होतं आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होतं. मुक्तचं अभ्यासकेंद्र घरापासून चालत जाण्यासारखं, संपर्कसत्रं, म्हणजे तास, रविवारी, पुस्तकं फीमध्येच. फी माझ्या एका पगारापेक्षा कमी. तेव्हा पैशाचं कारण सांगायची सोयच राहिली नाही.

उरली बाकीची कारणं. मुलगी त्याच वर्षी दहावीला. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी दहावीला, आन् तू कुठली परीक्षा देतीयास?" यांनी 'तुझं तू बघ' म्हणून सांगितलं. ते वाक्य आमच्याकडं होकार आणि नकार दोन्हीला वापरतात. अभ्यासकेंद्रावर चौकशीला गेले तर खिडकीतल्या माणसानं माझ्यामागं बघून विचारलं, "मुलगी कुठाय?" आणि 'वय काय, तसंही वाढणारच की' हे तर मला चौघांनी ऐकवलं. बरोबर आहे, पण त्यानं पहाटे जाग येत नाही.

मुक्तची पदवी 'खरी' धरतात का, हीसुद्धा एक शंका होती. ती आमच्या वसुली अधिकाऱ्यांनी मिटवली. ते स्वतः मुक्तचे बी.ए., तेवढ्यावरच जी.डी.सी. अँड ए. झालेले. राज्याच्या कायद्यानं १९८९ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ आहे, पदवीवर 'मुक्त' लिहिलंय म्हणून ती अर्धी होत नाही, असं ते तंबाखू मळत म्हणाले आणि त्यांची जुनी पुस्तकं आणून दिली.

मी फॉर्म भरायच्या आधी महिनाभर त्या पुस्तकांवर अभ्यास करून बघायचं ठरवलं. कुणाला न सांगता. पहाटे पावणेपाच ते साडेपाच, स्वयंपाकघरात ओट्यापाशी, कुकर लावायच्या आधी. पहिला आठवडा नुसती पेंगले. तिसऱ्या दिवशी गॅसवरचं दूध उतू गेलं आणि पुस्तकाचं पान ओट्याला चिकटलं. दुसऱ्या आठवड्यात कळलं की वाचलेलं समजतंय, पण लिहिता येत नाहीये. पतसंस्थेत दिवसभर आपण आकडे आणि सह्याच करतो. सलग मजकूर लिहायला घेतला की दीड पानात अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. आणि परीक्षेला तीन तास लिहायचं! मग रोज एक पान, शाईचं पेन, घड्याळ लावून. महिन्याअखेर त्या पाऊण तासातले बावीस दिवस भरले होते. आठ बुडाले. मी ते कॅलेंडरवर खुणा करून मोजले, कारण मला माझाच भरवसा नव्हता. बावीस दिवस पुरतात असं वाटलं, म्हणून २०१४ ला फॉर्म भरला. निर्णय म्हणतात तो एवढाच.

फॉर्ममध्ये नाव अडकलं. बारावीची मार्कशीट माहेरच्या नावानं, बाकी सगळं सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला हवा होता आणि आम्ही १९९७ मध्ये लग्न केलं ते नोंदवलंच नव्हतं. त्यासाठी लग्नपत्रिका पाहिजे. सतरा वर्षांपूर्वीची पत्रिका कोण ठेवतं? सासूबाईंनी ठेवली होती. ट्रंकेत, शालूच्या घडीत, हळदीचं बोट अजून दिसत होतं. काही न बोलता आणून समोर ठेवली. त्यानंतर परीक्षेचा विषय त्यांनी काढला नाही, पहाटे चहा मात्र स्वतःचा स्वतः करून घ्यायला लागल्या.

पुढची तीन वर्षं भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. रविवारी संपर्कसत्राला कधी पंधराजण असायचे, कधी तिघं. एक एस.टी.चा कंडक्टर, एक सैन्यातून निवृत्त झालेले काका, आणि कॉलेजची वेळ जमत नाही म्हणून आलेल्या पोरी. समंत्रक म्हणून येणारे सर चांगले होते. आमच्यातल्या निम्म्यांना ते 'अहो' म्हणायचे आणि निम्म्यांना 'अरे'.

पण पहिल्या वर्षाचा निकाल सांगायलाच हवा. मी हिशेबाच्या पेपरात नापास झाले. मराठीत, अर्थशास्त्रात पास, आणि हिशेबात गेले! घसारा म्हणजे वस्तू जुनी होईल तशी तिची घटणारी किंमत. तो काढायच्या दोन पद्धती, स्थिर हप्ता आणि घटती शिल्लक, यातला फरक मी कधी मुद्दाम बघितलाच नव्हता. ऑफिसात घसारा वर्षातून एकदा निघतो आणि तो ऑडिटर काढतात, आपण फक्त व्हाउचर पास करतो. आपल्याला येतंच म्हणून ते प्रकरण मी सोडून दिलं होतं. मुलीला त्याच महिन्यात दहावीला ८७ टक्के पडले. पेढे तिच्या नावाचे वाटले, माझी मार्कशीट पिठाच्या डब्याखाली. दुसऱ्या वर्षाबरोबर तो पेपर काढला.

२०१७ ला बी.कॉम. झाले. जी.डी.सी. अँड ए. दुसऱ्या खेपेला निघाली, २०१९ च्या मेमध्ये. पहिल्या खेपेला कायद्यानं गाठलं.

साहेब अजून साहेबच आहेत, माणूस तसा वाईट नाही. ऑडिट झालं की दोषदुरुस्ती अहवाल, म्हणजे ऑडिटरनं काढलेल्या चुका कशा दुरुस्त केल्या त्याचं उत्तर, मात्र मी लिहिते, सही ते करतात. त्या कामाचा वेगळा भत्ता मिळावा म्हणून मी दोनदा अर्ज दिलाय. संचालक मंडळाच्या दोन्ही सभांत तो 'पुढील सभेत घेण्यात यावा' म्हणून पुढं ढकलला. तिसरा कालच टाईप केला.