जुन्या टॉवर सर्व्हरमध्ये यू.२ एसएसडी : ऐरोलीतील घरच्या सर्व्हरची प्रगती-नोंद

या टप्प्याचे उद्दिष्ट मर्यादित होते. घरच्या दोन प्रोसेसरांच्या टॉवर सर्व्हरमधील व्हर्च्युअल मशीन आणि डेटाबेस साटा एसएसडींवरून हलवून, वापरलेल्या पण सर्व्हर दर्जाच्या एनव्हीएमई, म्हणजे पीसीआयई या वेगवान मार्गाने जोडल्या जाणाऱ्या, यू.२ जोडणीच्या एसएसडींवर न्यायचे, आणि हे करताना पुढचे २.५ इंची आठ कप्पे, त्यांच्यामागचा बॅकप्लेन (डिस्क ज्यात जाऊन बसतात तो बोर्ड) व एचबीए कार्ड (डिस्क यंत्राशी जोडणारे कार्ड) शक्यतो तसेच ठेवायचे. कप्पे तसेच राहिले, परंतु नव्या डिस्क त्यांत गेल्या नाहीत. त्या तेथे चालणार नाहीत हे खरेदीपूर्वीच कसे ओळखता येते, हाच या नोंदीचा मुख्य विषय आहे.

बॅकप्लेनच्या मागच्या बाजूस आठ कप्प्यांसाठी एसएफएफ-८६४३ प्रकारची दोनच सॉकेट आहेत. अशा प्रत्येक सॉकेटमधून चार लेन (डेटा वाहून नेणाऱ्या वाटा) जातात, म्हणजे आठ कप्प्यांना मिळून आठ लेन, प्रत्येकी एक. सॅस किंवा साटा या जुन्या पद्धतींच्या डिस्कला एक लेन पुरते, यू.२ एनव्हीएमई डिस्कला मात्र पीसीआयईच्या चार लेन लागतात, आणि म्हणूनच एनव्हीएमईसाठी बनवलेल्या बॅकप्लेनवर सहसा प्रत्येक कप्प्यासाठी चार लेनची स्वतंत्र जोडणी दिसते. माहितीपत्रक हाताशी नसले तरी सॉकेट आणि कप्पे मोजून एवढा अंदाज निश्चित बांधता येतो. याला अपवाद यू.३ (यू.२ नंतरची जोडणी) बॅकप्लेन आणि ट्राय-मोड, म्हणजे सॅस, साटा व एनव्हीएमई तिन्ही हाताळणारा, कंट्रोलर यांच्या जोडीचा: तेथे एका कप्प्याला एकच लेन देऊनही एनव्हीएमई डिस्क चालवता येते, अर्थात वेग त्याच प्रमाणात घटतो.

अधिक फसवी बाब म्हणजे एसएफएफ-८६४३ ही जोडणी सॅससाठीही वापरतात आणि यू.२ केबलच्या यजमान टोकालाही. माझे एचबीए सॅस-३००८ चिपवर आधारित, आयटी मोडमधील, म्हणजे डिस्क जशाच्या तशा पुढे देणारे, आहे. त्याच्या सॉकेटमध्ये यू.२ ची केबल सहज बसते, खटकाही नीट लागतो, पण ती चिप फक्त सॅस आणि साटा जाणते, त्यामुळे पलीकडे एनव्हीएमई डिस्क असल्यास काहीच दिसत नाही. लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत “मिनी-सॅस एचडी केबल” (एसएफएफ-८६४३ चे बाजारातील नाव) एवढेच मागितले तर कोणती केबल हाती पडेल याचा भरवसा नाही. दुसऱ्या टोकाला कोणते सॉकेट आहे आणि तारा पीसीआयईच्या जोडणीनुसार जोडल्या आहेत काय, हे दोन्ही विचारूनच पैसे द्यावेत. जुन्या एसएफएफ-८०८७ केबलींच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. कंट्रोलरकडून चार साटा डिस्ककडे जाणारी फॉरवर्ड केबल आणि मदरबोर्डच्या चार साटा पोर्टांकडून बॅकप्लेनकडे जाणारी रिव्हर्स केबल दिसायला सारख्याच असतात, परंतु एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

डिस्क निवडताना यू.२ आणि यू.३ यांतील फरक मी सर्वांत आधी पाहिला. यू.२ ची जोडणी, जिला पूर्वी एसएफएफ-८६३९ या नावानेच ओळखत, ६८ पिनांची आहे आणि तीत सॅस-साटाच्या पिना व पीसीआयईच्या पिना वेगवेगळ्या जागी आहेत. यू.३ मध्ये आकार तोच ठेवून पीसीआयई आणि सॅस-साटा यांना सामायिक पिनांवर आणले. परिणामी यू.३ डिस्क यू.२ च्या जागी चालते, परंतु यू.२ डिस्क यू.३ च्या जागी चालत नाही. सर्व्हर बदलण्याचा विचार असलेल्यांनी म्हणूनच किमतीत थोडा फरक असला तरी यू.३ डिस्क घ्यावी, असे माझे मत आहे. मी स्वतः यू.२ घेतल्या, कारण हे यंत्र पीसीआयई ३.० चे आहे आणि पुढील काही वर्षे तेच राहणार आहे.

जोडणीसाठी दोन मार्ग वापरून पाहिले. पहिला मार्ग म्हणजे डिस्क थेट स्क्रूने बसवता येणारे चार लेनचे अडॅप्टर कार्ड. यात केबल नाही आणि डिस्कला लागणारे १२ व्होल्ट स्लॉटमधूनच मिळतात. दुसरा मार्ग १६ लेनच्या स्लॉटमध्ये चार जोडण्यांचे साधे कार्ड बसवून तेथून केबली नेण्याचा. या कार्डावर लेन वाटून देणारी स्विच चिप नसल्यामुळे बायोसमध्ये त्या स्लॉटची ४-४-४-४ अशी विभागणी, म्हणजे बायफर्केशन, करता येणे अनिवार्य आहे. तशी सोय नसेल तर पहिलीच डिस्क दिसते, उरलेल्या दिसत नाहीत, आणि मग स्विच चिप असलेले महाग कार्ड घ्यावे लागते. दोन प्रोसेसरांच्या मदरबोर्डवर आणखी एक तपासणी करावी: काही स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात आणि तो प्रोसेसर बसवलेला नसेल तर ते स्लॉट मृतच राहतात.

केबलच्या मार्गात वीज स्वतंत्रपणे द्यावी लागते. यू.२ डिस्क २५ वॉटपर्यंत वीज घेऊ शकते, म्हणजे १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास, आणि तीन-चार डिस्क एकाच स्प्लिटरवर लटकवणे मला योग्य वाटले नाही. एम.२ स्लॉटमधून यू.२ काढणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण एम.२ मध्ये ३.३ व्होल्टच असतात आणि १२ व्होल्ट बाहेरूनच आणावे लागतात.

डिस्क दिसू लागणे आणि ती नीट जोडली जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लिनक्समध्ये एलएसपीसीआय (पीसीआयई उपकरणांची माहिती देणारी आज्ञा) सविस्तर चालवून लिंकची क्षमता आणि लिंकची प्रत्यक्ष स्थिती या दोन ओळी शेजारी ठेवून वाचाव्यात. अडॅप्टर कार्डावरील डिस्क लगेच आठ गिगाट्रान्सफर आणि चार लेनवर, म्हणजे पीसीआयई ३.० च्या पूर्ण वेगावर, आली. लांब केबलवरील डिस्कही तेवढ्याच वेगाने आली, पण कर्नलच्या नोंदींत दुरुस्त होण्याजोग्या पीसीआयई त्रुटींची रांग लागली. अर्ध्या मीटरची केबल लावताच त्या थांबल्या. पीसीआयई ४.० वर वेग दुप्पट असल्याने केबलची लांबी आणखी जाचक ठरते, हे त्या मार्गाने जाणाऱ्यांनी गृहीत धरावे. एका डिस्कने मात्र चारऐवजी दोनच लेन दाखवल्या. ती दुहेरी पोर्टची निघाली: अशा डिस्क, जोडणीतील एका ठरावीक पिनेवरील संकेतानुसार, चार लेन एकत्र वापरतात किंवा दोन-दोन अशा वाटतात. माझ्या केबलमध्ये ती पिन ग्राउंडला जोडलेली होती. दुसऱ्या केबलवर डिस्क पूर्ण चार लेनवर आली.

साटा ३ ची मर्यादा व्यवहारात सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट, तर पीसीआयई ३.० च्या चार लेनची मर्यादा ३.९ गिगाबाइटच्या जवळ असते. सलग वाचनाचा हा फरक आकर्षक दिसतो, परंतु डेटाबेससाठी मला महत्त्वाचे वाटते ते वीज गेल्यावर संरक्षण देणारे कपॅसिटर. त्यांच्यामुळे डिस्क सिंक लेखनाला (डेटा कायमचा साठल्याची खात्री मागणाऱ्या लेखनाला) आपल्या रॅममधूनच निर्धास्तपणे होकार देऊ शकते. पावसाळ्यात ऐरोलीत क्षणभर वीज जाऊन येण्याचे प्रकार लक्षात घेता यूपीएस असतानाही हा दुसरा आधार मला हवा होता.

उष्णतेचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. १५ मिलिमीटर जाडीच्या या डिस्क रॅकमधील जोरदार वाऱ्यासाठी बनवलेल्या आहेत. शेजारच्या रबाळे-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरांत तो वारा असतो, माझ्या बाल्कनीलगतच्या खोलीत नसतो. मे महिन्याच्या दुपारी, वातानुकूलन बंद असताना, अडॅप्टर कार्डावरील डिस्क सलग लेखनात ७० अंशांपर्यंत चढली आणि वेग पडला. कार्डासमोर १२० मिलिमीटरचा पंखा बसवून पुठ्ठ्याची तात्पुरती वाट केल्यावर ती साठीच्या आत राहते.

कप्प्यांत उरलेल्या साटा एसएसडींविषयी, परिचितांनी विचारले म्हणून, थोडेसे. माझ्या सॅस-३००८ सारखे एलएसआय घराण्यातील एचबीए ट्रिमची (मोकळी झालेली जागा डिस्कला कळवणारी) आज्ञा पुढे पाठवतात ती प्रायः, ट्रिमनंतर वाचल्यास निश्चितपणे शून्येच मिळतील असे सांगणाऱ्या डिस्कलाच. एचडीपार्म या लिनक्स आज्ञेने मिळणाऱ्या माहितीत ती ओळ आहे की नाही हे पाहून घ्यावे. स्टोरेज अॅरेमधून निघालेल्या सॅस एसएसडींचे सेक्टर कधी कधी ५२० बाइटचे असतात. एसजी-फॉरमॅट या आज्ञेने ५१२ चे करून घेतल्याशिवाय लिनक्स त्या वापरू देत नाही, आणि या क्रियेत डेटा पुसला जातो. नवी साटा डिस्क जुन्या वीज-केबलवर अजिबात सुरूच होत नसेल तर तिसऱ्या पिनेवरील ३.३ व्होल्टचा संशय घ्यावा, कारण साटा ३.३ पासून त्या पिनेवर डिस्क बंद ठेवण्याचा संकेत आला. पिनेवर कॅप्टॉन (विद्युतरोधक) टेप लावणे किंवा मोलेक्सवरून वीज देणे, दोन्ही उपाय चालतात.

पुढील टप्प्यात कायमस्वरूपी अॅक्रिलिकचा वायुमार्ग बनवायचा आहे आणि चौथी डिस्क केबलवर घ्यायची आहे. बूट अजून साटावरूनच होते, कारण या बायोसला एनव्हीएमईवरून बूट करता येत नाही. चालू यंत्रातून यू.२ डिस्क काढण्याची चाचणी मी या साध्या कार्डावर करणार नाही. त्यासाठी स्लॉट, बायोस आणि कर्नल या तिघांनीही हॉट-प्लग मानावे लागते, आणि येथे पहिल्या दोघांची त्याला तयारी नाही.